उजव्या बाजूची भूल

२ फेब्रुवारी

या दैनंदिनीत मला एक विधान सिद्ध करायचे आहे. ते असे: वेदनेचा एकमेव विश्वसनीय साक्षीदार म्हणजे ती भोगणारी व्यक्ती, आणि ही व्यक्ती विचाराच्या शिस्तीत मुरलेली असेल, तर तिच्या साक्षीला अन्य कोणाच्याही दुजोऱ्याची गरज उरत नाही.

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, तरी एखादे विधान स्वतःच्या देहावर तपासण्याची संधी आजवर आली नव्हती. ती आता आली आहे. माझ्या उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात एक गाठ आहे. ती लहान आहे, वेळेत सापडली आहे आणि पुढच्या आठवड्यात त्या भागासकट काढली जाणार आहे. वेदना होणार हे गृहीत. साक्षीदार मी. नोंदीही मीच करीन.

विरुद्ध बाजू मांडायला घरातच माणूस आहे. माझे पती निवृत्त दाताचे डॉक्टर आहेत. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या जबड्यात सुया टोचल्या आणि टोचताना विनोद सांगितले. माझ्या दातांना मात्र मी त्यांना कधी हात लावू दिला नाही. त्यांसाठी मी चौकापलीकडच्या त्यांच्या स्पर्धकाकडे जाते, कारण परीक्षक तटस्थ असावा लागतो. या नोंदींत त्यांचा उल्लेख मी 'प्रतिपक्ष' असा करीन. वरचे विधान मी त्यांना वाचून दाखवले.

"रुग्ण खोटं बोलतो," ते म्हणाले. "माझ्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण बोललाय."

"तुमचे रुग्ण तोंड उघडे ठेवून बोलत. ती साक्ष ग्राह्य कशी धरावी?"

यावर ते हसले नाहीत. एरवी हसले असते. मुद्दा पटला असावा.

४ फेब्रुवारी

आज भूलतज्ज्ञ भेटल्या. चाळिशीच्या असतील, केस घट्ट बांधलेले, बोलणे मोकळे. मी सुरुवातीलाच म्हणाले, "तुमच्या शास्त्राला भाषेने मोठे विचित्र नाव दिले आहे. भूल म्हणजे गुंगी आणि भूल म्हणजे चूकही. भूलतज्ज्ञ म्हणजे चुकांतला जाणकार, असे कोणीही समजेल."

"समजू दे की, बाई," त्या म्हणाल्या. "दोन्हींतला फरक ओळखण्याचाच मला पगार मिळतो."

उत्तर बरे होते. मी खुर्ची पुढे ओढली.

त्यांचा प्रस्ताव असा. ऑपरेशनच्या वेळी पूर्ण भूल, ती ठीक. परंतु त्याशिवाय पाठीत, मणक्याच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या नसा जिथून निघतात तिथे एक बारीक नळी ठेवायची. त्या नळीतून पंपाने थोडे थोडे औषध जात राहील आणि नंतरचे काही दिवस छातीची फक्त उजवी बाजू बधिर राहील. डोके जागे, हातपाय जागे.

मी आक्षेप घेतला. वेदना ही माहिती आहे. शरीराने दिलेली माहिती मुद्दाम अडवणे म्हणजे साक्षीदाराला कोर्टाबाहेर बसवणे.

"माहिती एकदा मिळाली की पुरे ना?" त्या म्हणाल्या. "छाती कापलीय, हे तुम्हाला माहीत असणारच आहे. तेच तेच दर श्वासाला कळवणाऱ्याला साक्षीदार म्हणायचं की कटकट्या शेजारी?"

प्रतिपक्ष खुर्चीत सावरून बसले. मला एवढे सलग उत्तर कोणी देत आहे, हे दृश्य त्यांनी बऱ्याच काळात पाहिले नसावे.

"शिवाय ऑपरेशन सर्जनचं," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "पण खोकणं तुमचं. ते काम दुसऱ्या कोणाला देता येत नाही. नंतर दुखतंय म्हणून माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. मग कफ साचतो, उरलेलं फुफ्फुस मिटत जातं, ताप येतो, न्यूमोनिया होतो. तुमच्या वयात तिथून परत फिरणं अवघड जातं. मला तुम्हाला आराम नाही द्यायचा, बाई. मला तुम्हाला खोकवायचंय."

हेतू स्पष्ट, पायऱ्या सलग, निष्कर्ष सुटसुटीत. मी संमती दिली. फक्त एक अट घातली: दुखते किती, हे माझ्या शब्दावरच ठरेल.

"तुमच्याच शब्दावर," त्या म्हणाल्या. मग प्रतिपक्षांकडे वळल्या, "आणि तुम्ही, सर? काही विचारायचंय?"

प्रतिपक्षांनी तोंड उघडले, पुन्हा मिटले आणि विचारले, "पार्किंग कुठं असतं?"

आमच्याकडे गाडी नाही.

७ फेब्रुवारी

घर व्यवस्थित लावले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: साखर, मीठ, चहा. प्रतिपक्षांनी मिठाच्या डब्याकडे बघून विचारले, "इतकी वर्षं मी काय चहात मीठ घालत होतो का गं?" मी म्हणाले, केवळ सोय म्हणून. विजेचे बिल कोणत्या खणात, पाण्याची टाकी भरली की कोणता नळ उलट फिरवायचा, जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला फोन करायचा, हेही लिहून ठेवले. कारण काही नाही. सुव्यवस्था ही सुव्यवस्था.

दुपारी वाचत होते. एकच पान पुन्हा पुन्हा वाचावे लागले. अलीकडे छपाई फार वाईट करतात.

संध्याकाळी घड्याळावरून नेहमीचा वाद झाला. स्वयंपाकघरातले घड्याळ प्रतिपक्ष पाच मिनिटे पुढे ठेवतात, उशीर होऊ नये म्हणून. लग्नापासून माझे म्हणणे एकच आहे: घड्याळ पुढे आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो मनातल्या मनात पाच मिनिटे वजा करणारच, म्हणून ही कृती निष्फळ आहे, कोणालाच फसवत नाही. त्यांचे म्हणणे, "पण बरं वाटतं." हा युक्तिवाद नव्हे, हे मी त्यांना पुन्हा समजावले. आज मात्र त्यांनी लगेच हात टेकले. "राहिलं. तू म्हणशील तसं. पुढच्या आठवड्यात भांडू."

उद्या रुग्णालयात दाखल व्हायचे आहे.

११ फेब्रुवारी

अक्षर वाकडे येत आहे. हाताला सुई आहे. ऑपरेशन परवा झाले. तो भाग गाठीसकट निघाला. सर्जन समाधानी दिसतात, परंतु त्यांचा चेहरा मुळातच समाधानी आहे, त्यामुळे हा पुरावा कमकुवत.

उजव्या छातीतून एक जाड नळी बाहेर येऊन बाटलीत जाते. पाठीतून दुसरी, बारीक नळी पंपाकडे जाते. काखेपासून बरगड्यांच्या खालच्या टोकापर्यंत त्वचा माझी नसल्यासारखी वाटते. हात लावला तर हाताला कळते, छातीला नाही. भूलतज्ज्ञांनी स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला. डावीकडे गार लागला, उजवीकडे फिरला हे पाहिले म्हणूनच समजले. चमत्कारिक, पण अप्रिय नाही.

उशी छातीशी धरून खोकले. कफ निघाला. फुंकायचे नव्हे तर श्वासाने ओढायचे असे एक खेळणे दिले आहे. त्यात तीन चेंडू असतात. मी तीनही वर नेले. समोरच्या खाटेवरच्या बाईंचे दोनच जातात. हे मी केवळ नोंद म्हणून लिहीत आहे.

सिस्टर विचारते, "आजी, दुखतंय किती? शून्य ते दहामध्ये सांगा."

"पहिली गोष्ट, मी कोणाची आजी नाही. दुसरी, दहा म्हणजे काय?"

"दहा म्हणजे... तुम्हाला कल्पना करता येईल तेवढं सगळ्यात जास्त."

"माझी कल्पनाशक्ती बरीच आहे."

"बरं मग आज किती, आजी?"

दहाची व्याख्या 'कल्पनेत मावेल तेवढी सर्वाधिक वेदना' अशी पक्की केली आणि ती पुढे बदलायची नाही असे ठरवले. त्या मापाने आज एक. तिने लिहून घेतले.

प्रतिपक्ष भेटीच्या वेळेत येतात, स्टुलावर बसतात आणि पांघरूण जरा वर सरकवून माझ्या पायांकडे बघत राहतात. कारण विचारले तर म्हणतात, "सवय." आज त्यांनी शर्टाची बटणे एक घर चुकवून लावली होती. एक विनोदही सांगितला नाही. रुग्णालयात शांतता पाळावी ही पाटी त्यांनी गांभीर्याने घेतलेली दिसते.

१२ फेब्रुवारी

सकाळी चादर बदलताना पाठीकडे काहीतरी ओढल्यासारखे वाटले. दुखले नाही. म्हणून सांगितले नाही.

सदरा पाठीशी ओलसर. घाम असावा.

सिस्टरने आकडा विचारला. माझ्या व्याख्येनुसार दोन.

चेंडू आज एकच वर गेला. खेळणे नादुरुस्त असावे.

लिहिणे थांबवते. लिहिताना श्वास घ्यावा लागतो.

दुपारी. आकडा दोनच.

प्रतिपक्ष आले. काहीबाही बोलले. मी हो म्हणाले.

१३ फेब्रुवारी

काल काय घडले ते आज सविस्तर लिहिते. त्यातले काही मी स्वतः पाहिले; उरलेले सिस्टरने मला साभिनय करून दाखवले आणि तिची साक्ष तपासून घेतली आहे.

प्रतिपक्ष नेहमीसारखे स्टुलावर बसले होते. त्यांनी पांघरूण सरकवले, पायांकडे पाहिले, पांघरूण पुन्हा नीट केले. मग अगदी सहज म्हणाले, "मी काय म्हणतो, घड्याळ पाच मिनिटं पुढं असलेलंच बरं. नाही का गं?"

मी म्हणाले, "हो. बरोबर आहे तुमचं."

मला हे आठवते. खरे सांगायचे तर मला तेव्हा फक्त त्यांनी पुढचा प्रश्न विचारू नये असे वाटत होते, कारण प्रत्येक शब्दाला श्वास लागत होता आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांतून करवत फिरत होती. ते उठले. स्टूल पडले. ते उचलायलाही थांबले नाहीत.

पुढचे सिस्टरच्या टेबलापाशी घडले.

"सिस्टर, ती माझ्याशी सहमत झाली."

"मग चांगलंच आहे की, आजोबा."

"चांगलं काय, अहो! लग्न झाल्यापासून झालेली नाही. भूलवाल्या डॉक्टरांना बोलवा. आत्ता बोलवा."

"पण आजी तर दोन म्हणाल्या."

"ती काहीही म्हणेल. तिला सोडा. मी सांगतोय ना!"

सिस्टर सांगते की त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. तिने येऊन माझ्या बोटाला चिमटा लावला. प्राणवायूचा आकडा सकाळपेक्षा खाली आला होता. तिचा चेहरा बदलला. नाकाला नळी आली. फिरते एक्स-रे यंत्र खडखडत आले आणि त्याच्या मागोमाग भूलतज्ज्ञ.

"बाई, किती दुखतंय?"

"दोन."

"खोका बरं."

"आत्ताच खोकले."

"मी नाही ऐकलं."

"मीही नाही," दारातून प्रतिपक्ष म्हणाले.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. स्पिरिटचा बोळा काढला. "गार लागलं की सांगा." डावीकडे लागला. उजवीकडे काखेत लागला. त्याच्याखाली लागला. बरगड्यांच्या टोकापर्यंत सगळीकडे छान गार लागला.

"लागायला नको होता," त्या म्हणाल्या. मग माझ्या पाठीमागे हात घातला. "सदरा ओला आहे तुमचा."

"घाम."

"घामाला पंप लागत नाही, बाई. नळी सरकलीय. औषध नसेला जायचं सोडून सदऱ्याला जातंय. कधीपासून?"

चादरीची गोष्ट मी सांगितली. त्या स्टूल उचलून माझ्या तोंडासमोर बसल्या. "मला एक सांगा. तुमच्या या दोनाचं दहा कोणतं?"

मी व्याख्या सांगितली. सांगायला वेळ लागला, कारण वाक्याचे तुकडे करावे लागत होते. कल्पनेत मावेल तेवढी. माझ्या कल्पनेत जिवंत जळणे मावते. कड्यावरून कोसळणे मावते. त्यांच्या तुलनेत...

"अगं, म्हणजे तुझ्या कल्पनाशक्तीची शिक्षा त्या फुफ्फुसाला?" प्रतिपक्ष ओरडले. त्यांचे डोळे लाल होते. स्पिरिटचा वास डोळ्यांना झोंबतो.

"सर, थांबा जरा," डॉक्टर म्हणाल्या. आणि मला: "बाई, ते शून्य ते दहा बाजूला ठेवा. चूक आमची, तुम्हाला मोजपट्टी द्यायलाच नको होती. मी एकच विचारते, हो किंवा नाही. तुम्हाला खोकता येतंय का?"

शेकडो विद्यार्थ्यांना मी शिकवले आहे की ज्या प्रश्नाची दोनच उत्तरे संभवतात, तिथे तिसरे देणे म्हणजे पळवाट. मी पळवाट शोधली. सापडली नाही.

"नाही," मी म्हणाले.

"झालं," त्या म्हणाल्या. "एवढंच हवं होतं."

नळी पुन्हा बसवण्यासाठी मला खाटेच्या कडेला बसवले, पुढे उशी दिली. डॉक्टरांनी पाठ पुसली, गार जेल लावले आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर माझ्या बरगड्या शोधू लागल्या. प्रतिपक्षांना बाहेर जायला सांगितले, तर म्हणाले, "मी हजारो सुया टोचल्यात, डॉक्टर."

"जबड्यात टोचल्यात. इथं सुई माझी. तुम्ही हात धरा त्यांचा."

त्यांनी धरला. सुई आत जाताना प्रतिपक्षांनी डोळे घट्ट मिटून घेतले. वयोमानाने असावे.

"एक भूल उतरली होती, बाई," पाठीमागून डॉक्टरांचा आवाज आला, "आणि दुसरी तुम्ही चढवून घेतली होती. पहिलीवर माझ्याकडे औषध आहे."

मी उत्तर द्यायला तोंड उघडले.

"आत्ता नाही. हलू नका."

थोड्या वेळाने छातीवर ठाण मांडून बसलेले कोणीतरी उठून निघून गेल्यासारखे वाटले. आधी काखेतून, मग खालून. करवत थांबली. मी श्वास घेतला. तो आत जातच राहिला. मला वाटले होते त्याहून खोल जागा शिल्लक होती. मग उशी घट्ट धरली आणि खोकले. आवाज अत्यंत असंस्कृत होता. पुन्हा खोकले, आणि जे साचले होते ते सुटले.

"वन्स मोअर!" प्रतिपक्षांनी टाळ्या वाजवल्या.

समोरच्या खाटेवरच्या बाई हसल्या. सिस्टर हसली. मी प्रतिपक्षांना म्हणाले, "घड्याळाविषयीचे विधान मी मागे घेते. वेदनेखाली दिलेली कबुली ग्राह्य नसते."

ते पलंगाच्या कठड्याला धरून उभे होते. मान खाली घालून बराच वेळ हसत होते, किंवा तसेच काहीतरी. "आली," ते डॉक्टरांना म्हणाले. "परत आली."

१४ फेब्रुवारी

ताप नाही. एक्स-रेत खालचा भाग पुन्हा उघडताना दिसतो. चेंडू: दोन, मग तीन. खेळणे दुरुस्त झाले असावे.

प्रतिपक्षांची उलटतपासणी घेतली. पाय का बघत होता?

"खुर्चीतला माणूस तोंडानं खोटं बोलतो, पायानं नाही," ते म्हणाले. "दुखलं की पायाचा अंगठा आवळतो. तुझे परवा मी आल्यापासून आवळलेले होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितले?"

"एका पुराव्यावर तू हलली असतीस? म्हटलं दुसरा घ्यावा, स्वतंत्र. म्हणून घड्याळ काढलं."

मी यावर आक्षेप शोधला. पद्धत निर्दोष होती.

मग त्यांनी एक विनोद सांगितला. कवळी हरवलेल्या माणसाचा. तो मी लग्नाआधीपासून ऐकत आले आहे आणि त्यातला कार्यकारणभाव तेव्हापासून चुकलेला आहे. तरीही मला हसू आले, मोठ्याने, आणि उजवी बाजू दुखली नाही. सिस्टर धावत आली. तिला वाटले काही झाले. "काही नाही, सिस्टर," प्रतिपक्ष म्हणाले, "नळी जागेवर आहे का ते तपासत होतो."

१९ फेब्रुवारी

घरी आले. छातीतली नळी निघाली, पाठीतलीही निघाली. आता गोळ्या आहेत. दुखते, पण खोकता येते. आकडे मी सांगत नाही आणि मला कोणी विचारत नाही. गाठीचा अहवालही आला: जे काढायचे होते ते सगळे निघाले आहे, पुढे औषधोपचाराची गरज नाही. प्रतिपक्षांनी तो भिंगातून वाचला, मग चहा केला. त्यात मीठ घातले. चिठ्ठी लावलेली असूनही.

निघताना भूलतज्ज्ञ भेटायला आल्या होत्या. मी म्हणाले, "तुमच्याशी पुन्हा वाद घालायला आवडेल."

"माझ्या ओपीडीत या. पण धडधाकट येणार असाल तरच."

सिस्टरने सामान बांधताना एक गोष्ट सांगितली. आजोबा रोज भेटीची वेळ व्हायच्या पाच मिनिटे आधी दाराबाहेर येऊन उभे राहायचे. रखवालदार म्हणायचा, अजून वेळ आहे. ते म्हणायचे, माझ्या घड्याळात झाली. एकदाही चुकले नाहीत.

आत्ता स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. समोर घड्याळ आहे. ते पाच मिनिटे पुढे आहे.

आरंभी मांडलेल्या विधानाचा निकाल आता द्यायला हवा. ते टिकले नाही. शिस्तीत मुरलेल्या साक्षीदाराने, एकही खोटा शब्द न उच्चारता, खोटी साक्ष दिली. जे सत्य तिच्या शब्दांत सापडले नाही, ते तिच्या पायाच्या अंगठ्यात आणि एका होकारात दुसऱ्या कोणालातरी सापडले. आणि ते सापडले नसते, तर हा निकाल लिहायला मी इथे नसते. ही कबुली मी पूर्ण शुद्धीत, कोणत्याही भुलीच्या अमलाखाली नसताना देत आहे. कबुली एकाच चुकीची द्यायची ठरवले होते, म्हणून घड्याळाविषयी काहीही लिहीत नाही.

भूल एक: माझ्या वेदनेला मी एकटीच साक्षीदार आहे, असे मी मानले.

(सही)
पक्ष